रूपाचें माप



नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशींत, काठी नांवाचें एक गांव आहे. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्रीं तेथें होणारी होळी राजवाडी होळी म्हणून साऱ्या खानदेशांत प्रसिद्ध आहे. आसपासच्या पाड्यांवरून आणि सीमेपलीकडील गुजरातेंतूनही माणसें डोंगरवाटांनीं येतात. रात्रभर ढोल वाजत राहतो आणि पहांट होतां होतां होळी पेटते. ज्या पुरुषांनीं त्या दिवसांपुरतें व्रत धरलेलें असतें ते अंगभर पांढरे ठिपके काढून घेतात, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप चढवितात, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात. बुध्या असें त्यांना म्हणतात. स्त्रियांच्या गळ्यांत, हातांत आणि कमरेला चांदी असते. पांढरा ठिपका उठून दिसावयास खालीं काळी जमीन लागते, ही गोष्ट ज्या घरांत रांगोळी काढली जाते त्या घराला निराळी समजावून सांगावयास नको. त्या रात्रीं, त्या उजेडांत, काळा रंग हें वैगुण्य आहे असें कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं.

यानंतर तीन महिन्यांनीं शाळा उघडतात. त्या रात्रीं आईचा हात धरून नाचलेली अकरा-बारा वर्षांची एकादी मुलगी पत्र्याची पेटी घेऊन डोंगर उतरते आणि आश्रमशाळेंत, किंवा मोठी असेल तर शहाद्याच्या अथवा नंदुरबारच्या वसतिगृहांत, दाखल होते. तिच्या हनुवटीवर आणि मनगटावर लहानपणीं गोंदलेले हिरवे ठिपके असतात. आईनें ते हौसेनें गोंदवून घेतलेले असतात. दागिना मेल्यावर येथेंच राहतो, गोंदण तेवढें बरोबर येतें, अशी तिकडची समजूत आहे. पहिल्याच आठवड्यांत कोणीतरी विचारतें, "हें काय गं? डाग का?" विचारणारीच्या मनांत कदाचित् वाईट कांहीं नसतें. पण मुलगी त्या दिवसापासून बाही ओढून मनगटापर्यंत आणूं लागते. वसतिगृहाच्या भिंतीवर जो एक सामाईक आरसा असतो त्याच्यासमोर ती इतरांच्या आधीं उठून एकटीच उभी राहते, किंवा मुळींच उभी राहत नाहीं. छायाचित्र काढतांना मागच्या रांगेंत जाते. गुरुजींनीं प्रश्न विचारला आणि उत्तर येत असलें, तरी हात वर करीत नाहीं. कारण हात वर केला म्हणजे बाही खालीं सरकते.

या तीन महिन्यांत तिचें शरीर बदललेलें नाहीं. नाक तेंच आहे, रंग तोच आहे, ठिपकेही तेच आहेत. बदललें आहे तें तिच्याकडे पाहणारें डोळे. आणि कांहीं दिवसांनीं ते परके डोळे तिच्या स्वतःच्याच कपाळाखालीं येऊन बसतात. मग दुसऱ्या कोणी हिणवावयाची गरज राहत नाहीं.

गोंदणाची गोष्ट निघाली आहे म्हणून थोडें विषयांतर. शहरांतील पांढरपेशा घरांतील पणजीबाईंच्या कपाळावर आणि हातावर तुळशीवृंदावनाचें किंवा नक्षत्राचें गोंदण असे. त्यांच्या लेकीसुनांनीं तें गांवंढळ ठरवून टाकलें. आणि आज त्याच घरांतील पणती पुण्या-मुंबईच्या दुकानांत हजारों रुपये मोजून दंडावर फूल काढवून घेते आणि तें दिसावें म्हणून बाही आंखूड शिवते. एका मुलीनें हात झांकावयाचा आणि दुसरीनें उघडा ठेवावयाचा! शाई तीच, सुईही जवळजवळ तीच. तेव्हां सौंदर्य शाईंत नाहीं. तें कोणाच्या हातावर आहे यावर त्याचा भाव ठरतो.

नंदुरबार हा जिल्हा धुळ्यापासून निराळा होऊन १ जुलै १९९८ रोजीं अस्तित्वांत आला. २०११ च्या जनगणनेप्रमाणें त्याची लोकसंख्या सुमारें १६ लाख ४८ हजार असून तींत अनुसूचित जमातींचें प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी असे हे लोक. म्हणजे शंभर चेहऱ्यांपैकीं एकोणसत्तर चेहरे त्यांचे. असें असूनही त्या जिल्ह्यांतील शाळेच्या भिंतीवरील तक्त्यांत, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर आणि मोबाइलच्या पडद्यावर जो चेहरा सुंदर म्हणून दिसतो तो उरलेल्या एकतीसांतही क्वचितच सांपडेल. हें माप डोंगरांत तयार झालें नाहीं. तें शिक्षकाबरोबर, दुकानदाराबरोबर, नोकरीनिमित्त आलेल्या कारकुनाच्या कुटुंबाबरोबर वर गेलें. आणि या मंडळींना तरी तें कोठून मिळालें, तर आपापल्या घरांतून.

तें घर कसें असतें तें मराठी भाषाच सांगते. नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें, ही म्हण ज्या दिवशीं पहिल्यानें उच्चारली गेली त्या दिवसापासून चपट्या नाकाच्या किती मुलींनीं ती भर पंगतींत हंसून ऐकून घेतली असेल! रंगाच्या बाबतींत तर आपली भाषा सराफाच्या कसोटीइतकी बारीक आहे: गोरी, केतकी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी, आणि "रंग जरा दबलेला आहे, पण नाकीडोळीं नीटस" असा तो तडजोडीचा शब्दप्रयोग. त्यांतला 'पण' मुलीच्या कानांत जन्मभर राहतो. दूध पिऊन रंग उजळतो, गरोदरपणीं केशर घेतलें म्हणजे मूल गोरें होतें, असे उपदेश मूल पोटांत असल्यापासून सुरू होतात. वधूपरीक्षेंत मुलीला चालावयास लावणें, केस सोडावयास सांगणें, हे प्रकार आतां कमी झाले खरे; परंतु छायाचित्र आधीं मागविलें जातें, आणि तें काढणारा छायाचित्रकार न सांगतां चेहरा चार छटा उजळून देतो. मुलगी त्या चित्राकडे पाहते तेव्हां तिला कळतें कीं, स्थळ आलें आहे तें आपल्याला नव्हे, हिला.

विनोद असा कीं, ज्या देव्हाऱ्यासमोर हें सारें चालतें त्यांतला विठोबा काळा, राम सावळा, कृष्णाचें तर नांवच काळा. द्रौपदीला कृष्णा म्हणत आणि तिच्या रूपासाठीं राजे भांडले. देव्हाऱ्यांत काळा रंग चालतो, सोयरिकींत चालत नाहीं. संस्कृतांत एक सुभाषित प्रसिद्ध आहे: लग्नांत मुलगी रूप पाहते, आई पैसा पाहते, बाप विद्या पाहतो, आणि बाकीच्यांना मिष्टान्न हवें असतें. त्यांत रूप पाहणारी मुलगी आहे आणि पाहिला जातो तो वर! व्यवहारांत मात्र पारडें कधींच उलटलें. हुंडा १९६१ च्या कायद्यानें बंद झाला. तरीही दबलेल्या रंगाची भरपाई निराळ्या नांवानें मागितली जाते, हें ज्यांच्या घरीं मुली आहेत त्यांना ठाऊक आहे.

हा रंग म्हणजे आहे तरी काय? त्वचेंत रंगद्रव्य तयार करणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांची संख्या काळ्या आणि गोऱ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या जातीचें द्रव्य बनवितात यांत. प्रखर उन्हाच्या मुलखांत हें द्रव्य जास्त बनतें आणि तें त्वचेचें रक्षण करतें. छत्रीला कोणी कुरूप म्हणत नाहीं. नंदुरबारला सुक्या लाल मिरचीचा मोठा बाजार आहे. हंगामांत गांवाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर मिरचीच्या पथाऱ्या पसरतात, आणि तोंडाला फडकें बांधून दिवसभर उन्हांत मिरची निवडणाऱ्या बायांच्या रांगा दिसतात. त्या उन्हानें मिरचीला रंग चढतो तसा बाईलाही चढतो. मिरचीचा भाव वाढतो, बाईचा उतरतो. काळ्या रंगाच्या तिरस्काराचें एक मूळ येथें आहे. उन्हांत राबणारा काळा, सावलींत बसणारा गोरा. म्हणून गोरेपणा हा सावली परवडत असल्याचा दाखला. युरोपांतही पूर्वीं हाच न्याय होता. पुढें तेथील मजूर कारखान्यांच्या छपराखालीं गेले, ऊन ही सुखवस्तूंची चैन झाली, आणि १९२० नंतर तेथील श्रीमंत बायका समुद्रकांठीं पडून मुद्दाम रापून घेऊं लागल्या. मनुष्याची कातडी तीच. तिचा अर्थ कामाच्या जागेबरोबर फिरला.

नाकाची कथा याहून गंभीर आहे, कारण तेथें म्हणीच्या मदतीला शास्त्र धांवून आलें. सर हर्बर्ट रिस्ले नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदी लोकांचीं नाकें मोजलीं. नाकाची रुंदी आणि लांबी यांचें प्रमाण काढून त्यानें असा सिद्धान्त मांडला कीं, नाक जितकें रुंद तितकी समाजांतील पायरी खालची. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त होता; त्यामुळें ही मोजपट्टी सरकारी ग्रंथांतून शिष्टांच्या वाचनांत आली. तिला उत्तर दिलें तें मराठी माणसांनींच. मालवणकडचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ सालच्या आपल्या जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथांत तींच मापें तपासून दाखविलें कीं, उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा नियम बसत नाहीं. त्याच्याही आधीं इरावती कर्वे बर्लिनला गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अशी अपेक्षा कीं, कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवरून गोऱ्या वंशाचें श्रेष्ठत्व सिद्ध व्हावें. इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलें कीं, वंशावंशांत तसा फरक दिसत नाहीं. परक्या देशांत, परक्या भाषेंत, ज्याच्या हातीं आपली पदवी आहे त्याच्या तोंडावर हें लिहावयास काय लागलें असेल! फिशर यांची विद्या पुढें नाझी राजवटीच्या कामीं आली, हें जगाला माहीत आहे. इरावतीबाईंनीं नंतर आपल्या पश्चिम खानदेशांतील भिल्लांचीही पाहणी केली. त्यांचा निष्कर्ष विद्यापीठाच्या कपाटांत राहिला. नकटीची म्हण मात्र अजून जेवणघरांत आहे.

आतां बाजाराकडे वळूं. १९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत लीला चिटणीस या मराठी नटीचा चेहरा झळकला. त्या साबणाच्या जाहिरातींतील त्या पहिल्या भारतीय नटी. तेथवर नटीचें रूप पडद्यावर पाहून सोडून द्यावयाचें होतें, आतां तें न्हाणीघरांत आणतां येईल असें सांगितलें गेलें. १९७५ सालीं फेअर अँड लव्हली हें मलम बाजारांत आलें. त्याच्या जाहिरातींचें कथानक श्रोत्यांना पाठ असेल: सावळी मुलगी, उतरलेलें तोंड, मलम, मग नोकरी, नवरा, बापाच्या डोळ्यांत पाणी. गोष्ट त्वचेची नव्हतीच. ती न्यूनगंडाची होती, आणि आधीं तो निर्माण केल्याशिवाय डबी खपत नाहीं. भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०१४ सालीं नियम केला कीं, सावळ्या रंगाचीं माणसें दुःखी, अनाकर्षक किंवा नोकरी-लग्नांत मागें पडलेलीं दाखवूं नयेत. २०२० मध्यें त्या मलमाच्या नांवांतला गोरेपणाचा शब्द काढून त्या जागीं तेजाचा शब्द घालण्यांत आला, आणि त्याच वर्षीं एका मोठ्या विवाहसंस्थळानें वधूवरांना रंगावरून चाळण्याची सोय बंद केली. चाळणी यंत्रांतून निघाली. ती मावशीच्या डोळ्यांत आहे तोंवर फारसें कांहीं साधलें असें म्हणवत नाहीं.

नांवाजलेल्या डबीपेक्षांही धोका आहे तो बेनामी डबीचा. त्वचा लवकर उजळावी म्हणून कित्येक मलमांत पारा घातलेला असतो. पारा रंगद्रव्याची उत्पत्ति थांबवितो खरा, पण तो कातडीवर थांबत नाहीं. रक्तांत उतरतो आणि मूत्रपिंडांत सांचतो. केरळांतील कोट्टक्कल येथील एका रुग्णालयांत जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रोगी तपासले गेले. त्यांपैकीं १५ जणांत एक विरळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकीं १३ जणांनीं गोरें होण्याचें मलम लावीत असल्याचें सांगितलें. भारतांत सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास बंदी आहे. परंतु ज्या डबीवर कारखान्याचें नांव नाहीं, तिला नियम कोण वाचून दाखविणार? दुसरा प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा. वैद्याच्या चिठ्ठीवर कांहीं दिवसांपुरतें वापरावयाचें औषध महिनोन्‌महिने तोंडाला चोपडलें कीं चेहरा प्रथम उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, केस उगवतात, ऊन सोसत नाहीं. सोडावें तर आग होते, म्हणून मुलगी पुन्हा लावते. अशा मलमांची विक्री चिठ्ठीशिवाय होऊं नये म्हणून २०१८ सालीं सरकारनें नियम कडक केले. तरीही आई-बापांना न सांगतां, खाऊच्या पैशांतून विकत घेतलेली ही डबी पेटींत कपड्यांच्या खालीं सांपडते.

रंगासारखेंच अंगलटीचें. येथें मात्र नंदुरबार आणि मुंबई यांत एक विचित्र भेद दिसतो. अंगणवाडीच्या आढ्याला जो वजनकांटा टांगलेला असतो त्यांत मूल घालून बाई पाहते तें, वजन पुरेसें भरतें कीं नाहीं हें. कारण कुपोषणाच्या बाबतींत हा जिल्हा राज्यांतील अतिशय पिडलेल्या जिल्ह्यांपैकीं आहे. मुंबईच्या सदनिकेंत न्हाणीघरांत कांटा असतो, त्यावर कॉलेजांतली मुलगी चढते आणि कांटा मागें सरकावा म्हणून देवाची प्रार्थना करते. एकीला अन्न मिळत नाहीं, दुसरी मिळालेलें दूर सारते. आणि दोघी एकाच पडद्यावर एकच सडपातळ नटी पाहतात.

पडद्याचा हा प्रभाव कल्पनेंतला नव्हे. पॅसिफिक महासागरांत फिजी नांवाचीं बेटें आहेत. तेथें भरल्या अंगाची बाई सुंदर, घरंदाज आणि कामाची समजली जाई. कोणी वाळली तर शेजारी काळजीनें चौकशी करीत. तेथील नाद्रोगा प्रांतांत १९९५ सालीं दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या अमेरिकन विदुषीनें ती येतांच शाळेंतील मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनीं, १९९८ सालीं, पुन्हा केली. पहिल्या वेळीं वजन उतरविण्यासाठीं मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी नव्हती. दुसऱ्या वेळीं शंभरांत अकरांहून अधिक तसें करीत असल्याचें आढळलें, आणि चौऱ्याहत्तर टक्के मुलींना आपण केव्हां ना केव्हां फार लठ्ठ आहोंत असें वाटत होतें. तीन वर्षें! ज्या समाजानें शतकानुशतकें आपलें माप जपलें होतें त्याच्या मुलींना तें बदलावयास तीन वर्षें पुरलीं. सातपुड्याच्या ज्या पाड्यांवर अजून पक्का रस्ता नीट पोंचलेला नाहीं, तेथेंही टेकडीच्या टोंकावर मोबाइल धरून उभीं असलेलीं मुलें दिसतात.

यावरून डोंगरांत सारें निर्मळ आणि गांवांत सारें नासलेलें, असा अर्थ कोणी काढूं नये. भिल्ल-पावऱ्यांत वरपक्ष मुलीच्या बापाला देज देतो. तींत मुलीच्या कष्टाची किंमत आहे, ही गोष्ट हुंड्यापेक्षां बरी खरी, पण किंमतच ती. आणि ज्या समाजानें काळ्या रंगाला कधीं नांवें ठेविलीं नाहींत त्याच समाजांत एकाद्या एकट्या बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याचे प्रकार घडले आहेत. त्यासाठीं २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वापरावा लागतो. बाईचें शरीर चावडीवर आणून तोलण्याची खोड कोणा एका समाजाची मिरासदारी नाहीं. तथापि स्वतःच्या रूपाची लाज, आरशाची भीति, ही वस्तु डोंगरावर नव्हती. ती खालून गेली.

या बाबतींत सरकारी दफ्तर कधीं कधीं घरांपेक्षां शहाणें ठरतें हें नमूद केलें पाहिजे. सैन्यभरतींत इतर उमेदवारांना हाताचा ठराविक भाग सोडून कोठेंही गोंदण चालत नाहीं. आदिवासी उमेदवारांना मात्र आपल्या जमातीच्या रूढीप्रमाणें चेहऱ्यावर किंवा अंगावर असलेलें गोंदण चालतें. देशांतील पहिलें आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांतील टेंभली या गांवीं, एका आदिवासी स्त्रीला देण्यांत आलें. त्या पत्रासाठीं चेहऱ्याचें छायाचित्र घेतात, दहा बोटांचे ठसे घेतात, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची नोंद करतात. कोट्यवधि माणसांची इतकी बारकाईनें नोंद झाली, पण रंग कोणता, असा रकाना त्यांत नाहीं.

होळीच्या आधींच्या आठवड्यांत धडगांवला भोंगऱ्या बाजार भरतो. बाहेरचे लोक त्याला लग्नाचा बाजार म्हणून मोकळे होतात. तें खरें नव्हे, होळीच्या सामानाची ती मोठी खरेदी आहे. गूळ, डाळ्या, हार-कडीं, रंगीत फेटे, घुंगरू यांचीं दुकानें लागतात. एका कडेला गोंदणारा आपलें लहानसें यंत्र घेऊन बसलेला असतो. पूर्वीं सुईनें गोंदीत, आतां यंत्रानें. त्याच्याच शेजारीं फडक्यावर पावडर, टिकल्या आणि गोरेपणाच्या मलमाच्या पांच-दहा रुपयांच्या पुड्या मांडलेल्या असतात. सणासाठीं वसतिगृहांतून घरीं आलेली मुलगी आईबरोबर तेथवर येते. आई गोंदणाऱ्यासमोर उकिडवी बसून धाकटीचा हात पुढें करते. थोरली उभीच राहते, बाही मनगटापर्यंत ओढलेली, आणि त्या दोन दुकानांमध्यें कोठें पाहावें हें तिला कळत नाहीं. धाकटी रडत नाहीं. ती हात ताठ धरून आपल्या कातडीवर उमटणारा एकेक हिरवा ठिपका मोजीत असते.